बॉक्सिंगचा पिक्चर आणि बाबांचा दुपट्टा

बाबांनी आयुष्यात थिएटरात जाऊन चारच पिक्चर पाहिले. त्यातला एक त्यांनी सात वेळा पाहिला, आणि सातही वेळा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. तो इंग्रजी होता, बॉक्सिंगचा होता, आणि आम्हा दोघांना त्यातली दहा वाक्यंही धड समजली नव्हती. बाबा मौद्याकडच्या एका खेड्यातून चौथी पास होऊन नागपुरात आलेले, मी मराठी शाळेत आठवी संपवलेली. घरी आम्ही त्याला नुसतं ‘ठोशांचा पिक्चर’ म्हणायचो. त्याच्यासारखे आणखी पुष्कळ पिक्चर असतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, ही गोष्ट जगात एकदाच घडलेली आहे.

आमचं घर लकडगंजात, आरामशिनींच्या, म्हणजे लाकूड कापायच्या गिरण्यांच्या, मागच्या ओळीत होतं. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर. सकाळी आठला पहिली मशीन सुरू व्हायची आणि मग दिवसभर तो एकसुरी चिरका आवाज. पाहुणे आले की पहिला तासभर कानावर हात ठेवायचे. आम्हाला मात्र मशीन बंद झाली की दचकायला व्हायचं. कपड्यांत, केसांत, पाण्याच्या माठाच्या झाकणावर सागाचा भुसा. स्वयंपाकही भुशाच्याच शेगडीवर. आई रोज सकाळी शेगडीच्या मधोमध एक रिकामी बाटली उभी धरायची, तिच्याभोवती भुसा ठासून भरायची आणि मग बाटली अलगद वर ओढून घ्यायची. भुसा ढासळला नाही तर दिवस चांगला. ढासळला तर ती पुन्हा पहिल्यापासून भरायची, एक शब्द न बोलता. माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल पुढे ऑफिसात लोकांनी बरंवाईट काय काय म्हटलं. ती पद्धत मी त्या शेगडीजवळ बसून शिकले.

बाबा मशीनवर मिस्त्री होते. म्हणजे ओंडका पट्ट्यावर घालणारे. पट्टा म्हणजे दात असलेली पोलादी पाती, दोन चाकांवरून वरखाली गरागरा फिरणारी. अलीकडून मिस्त्री ओंडका ढकलतो, पलीकडून दुसरा माणूस ओढतो. बाबांच्या पलीकडे चौदा वर्षं जंगलूकाका होते. दोघं दिवसभर समोरासमोर उभे, आवाजामुळे बोलणं अशक्य, म्हणून सगळं मानेनं आणि भुवयांनी. संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभराचं साचलेलं जंगलूकाका आमच्या ओट्यावर बसून बोलून घेत. बाबा तेव्हाही मानेनंच उत्तर देत.

आरामशिनीवर एक नियम होता. पट्ट्याजवळ सुटा कपडा नको. कामाला लागण्याआधी बाबा खांद्यावरचा दुपट्टा काढून भिंतीतल्या खिळ्याला अडकवत, मगच पुढे जात. आणि कुणाचाही, कसलाही कपडा मशीनजवळ उडालेला दिसला तर ज्याच्या हाताशी बटण असेल त्यानं आधी मोटर बंद करायची. का, कुणाचा, हे विचारणं नंतर. शेठ समोर उभे असले तरी त्यांची परवानगी घ्यायची नाही. हा नियम मला लहानपणापासून पाठ होता, कारण बाबांचा डबा घेऊन मी रोज तिथं जायची आणि माझ्या वेणीच्या रिबिनीही दाराबाहेर काढून हातात घ्याव्या लागत.

होळीच्या सुमारास बिजाच्या जड लाकडाच्या एका ओंडक्यात गाठ निघाली. ओंडका उलटला आणि बाबांचा उजवा हात त्याच्या आणि लोखंडी टेबलाच्या मध्ये सापडला. पट्ट्यानं काही केलं नाही, जे केलं ते लाकडाच्या वजनानं. हाताला महिनाभर प्लास्टर, मग जखमेवर पट्ट्या. बोटं पाचही राहिली, पण शेवटची दोन वाकली ती वाकलीच, आणि मुठीतला जोर गेला. चहाचा कप धरला तर हळूहळू खाली सरकायचा.

शेठ वाईट नव्हते. घरी येऊन ओट्यावर बसले, आईनं दिलेलं पन्हं प्यायले आणि म्हणाले, “मिस्त्री, घाई मत करो. पावसाळा लागेपर्यंत हात बनवा. मग तीन ओंडके सरळ काढून दाखवा, मशीन तुमची. नाही जमलं तर गेटवर खुर्ची टाकून देतो. बसून राहायचं, गाड्या मोजायच्या. इज्जतचं काम आहे.”

बाबांनी मान हलवली. शेठ गेल्यावर मात्र जंगलूकाकांना म्हणाले, “चौदा वर्षं ज्या गेटातून मिस्त्री म्हणून गेलो, त्या गेटावर बसून लोकाईले सलाम करू?”

“मंग नको बसू गा,” जंगलूकाका म्हणाले. “हात बनव. मले त्या नव्या पोट्ट्यासमोर उभं राहून कंटाळा येऊन राहिला. त्याच्या भुवया काहीच बोलत नाही.”

दर रविवारी सकाळी सरकारी दवाखान्यात पट्टी बदलायला जावं लागे. आईला घर सोडता येत नसे, म्हणून केसपेपर, गोळ्यांची चिठ्ठी आणि रांगेचा नंबर सांभाळायला मी. मी तेव्हापासूनच याद्या करते. शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी बाबांच्या औषधांची यादी केली होती, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची केली होती, आणि डॉक्टरांनी ज्यांची उत्तरं दिली नाहीत त्या प्रश्नांची वेगळी.

मे महिन्यातल्या एका रविवारी दवाखान्यातून निघायला साडेनऊ झाले. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. बाबांचा हात ठणकत होता, चेहरा पांढरा पडला होता. वाटेवर एक थिएटर होतं. रविवारी सकाळी तिथं जुने इंग्रजी पिक्चर लागत, कमी तिकिटात. दारातून वाळ्याच्या पडद्यांचा गार, ओला वास येत होता. बाबा थांबले. “दोन घंटे बसून जाऊ वं कुंदा,” म्हणाले. “पिक्चर कोणता का असेना. थंड आहे.”

पडद्यावर आधी पावसासारख्या रेघा आणि मग एक दणकट, गबाळा माणूस बंदराच्या गावात पिंपं उचलताना. बाबांनी पाच मिनिटांत डोळे मिटले. मी मात्र पाहत होते. बोलणं कळत नव्हतं तरी अडत काही नव्हतं. तो गरीब आहे, हे त्याच्या बुटांवरून कळलं. तो चांगला आहे, हे त्यानं एका म्हातारीचं पिंप फुकट उचलून दिलं तेव्हा. शहरातला मोठा बॉक्सर वाईट आहे, कारण त्याच्या अंगात चकचकीत झगा. मग एक म्हातारा मास्तर आला, गळ्यात टॉवेल, सारखा खोकणारा, आणि हिरोला शिकवणार नाही म्हणाला. म्हणजे शिकवणार. मी आपसूक बाबांना कोपरानं ढोसलं आणि त्यांनी डोळे उघडले, आणि नेमकं तेव्हाच हिरोच्या उजव्या हातावर पिंपांची रास कोसळली.

बाबा सरळ होऊन बसले ते पिक्चर संपेपर्यंत. हिरोच्या हाताला प्लास्टर. डॉक्टर मान हलवतो. मोठा बॉक्सर हसतो. मग प्लास्टर कापतात, आतून बारीक झालेला हात निघतो आणि तो त्या हाताची मूठ वळायचा प्रयत्न करतो, वळत नाही. बाबांनी न कळत मांडीवरचा स्वतःचा हात दुसऱ्या हातानं झाकला.

“काय म्हणून राहिला वं तो म्हातारा?” त्यांनी विचारलं.

“बहुतेक म्हणते, रोज थोडं थोडं कर.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले.

पुढचं कोणीही सांगेल. तो वाळूत पळतो, म्हातारा मागून सायकलवर. तो कोळशाचं पोतं ठोसतो. बाजा वाजतो. शेवटच्या लढाईत आधी तो नुसता मार खातो, डोळा सुजतो, गुडघ्यावर येतो. मास्तर कोपऱ्यातून टॉवेल उचलतो. फेकला की लढाई थांबणार, आपला माणूस हरला. हिरो सुजल्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहतो आणि मान हलवतो. नको. म्हातारा थरथरत्या हातानं टॉवेल परत खांद्यावर टाकतो. अख्खं थिएटर शिट्ट्या मारतं. आणि मग तोच उजवा हात.

बाहेर आल्यावर ऊन तसंच होतं. जेवताना, वडाभातावर फोडणीचं तेल घेत घेत ते आईला म्हणाले, “बंदरावरचा माणूस होता. हात गेला होता त्याचा. आला परत.”

“कोण?” आईनं विचारलं. तिला वाटलं दवाखान्यात भेटलेलं कोणी.

परवा माझा भाचा फोनवर असाच एक पिक्चर पाहत होता. मी पाच मिनिटं उभी राहिले आणि त्याला पुढचे सगळे प्रसंग ओळीनं सांगितले. तो वैतागला. म्हणाला, “मावशी, म्हणूनच तर बोअर आहे, सगळं आधीच माहीत असते.” मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांना नाही, शेठना नाही, आईला नाही. आठवड्यातून दोन तास अशा ठिकाणी बसायला मिळत होतं जिथं पुढचं सगळं माहीत होतं. बाबांना त्याचा कंटाळा आला नाही आणि मलाही नाही. जंगलूकाकांनी एकदा विचारलं, “तोच तो पिक्चर काहून पाहता गा?” तर बाबा म्हणाले, “तू रोज तोच तर्री-पोहा खाते न? आज वेगळा लागन म्हणून खाते का?”

दुसऱ्या रविवारी मी वही घेऊन गेले. अंधारात लिहिता येत नव्हतं म्हणून मध्यंतरात लिहिलं. प्रसंग एक ते अकरा. सहाव्या क्रमांकावर व्यायाम होते आणि ते मी वेगळ्या पानावर सविस्तर उतरवले. त्यातून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला बाबांचं वेळापत्रक तयार झालं. पहाटे मिठाच्या गरम पाण्यात हात. मग लाल रबरी चेंडू पन्नास वेळा दाबायचा. मग खलबत्त्याचा बत्ता उचलायचा. पळण्याचा भाग मी गाळला, कारण ओंडका पायानं ढकलत नाहीत. कोळशाच्या पोत्याऐवजी कणीक. आई म्हणाली, “लग्नाला सतरा वर्षं झाली, कधी भाकरीचं पीठ हातात घेतलं नाही, आता पोरीच्या शब्दावर पोळ्यांची कणीक मळून राहिले.” बाबा म्हणाले, “मळून देतो ते घे न वं. नशीब समज.” कणीक घट्टच व्हायची. महिनाभर आम्ही चामड्यासारख्या पोळ्या खाल्ल्या.

चेंडू पन्नासचा शंभर झाला, शंभराचा दीडशे. मी रोज समोर चौकटीत खूण करायची. पट्ट्या सुटल्या, दवाखान्याच्या फेऱ्या संपल्या, पण रविवार सुटला नाही. थिएटरवाल्यांकडेही बहुधा दुसरा पिक्चर आला नव्हता. सहा रविवार तोच लागला. सहाव्या वेळेपर्यंत बाबांनी मास्तरचं खोकणंही आधीच ओळखून ठेवलं होतं. म्हातारा खोकायच्या क्षणभर आधी ते स्वतः खाकरायचे.

दोन बोटं मात्र वाकलेलीच होती. दीडशे वेळा चेंडू दाबला तरी तो तीन बोटांनी दाबला जात होता. मी हे पाहत होते. वहीत लिहिलं नाही. यादीत ती ओळ कुठं बसवायची ते मला कळत नव्हतं.

शेठनी ठरवलेला दिवस शाळा सुरू झाल्यानंतरचा होता. माझी शाळा दुपारची. सकाळी बाबांनी अंघोळ करून स्वच्छ पायजमा घातला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, “चाल. मास्तर कोपऱ्यात उभा राहते.”

“पोरीले कुठं नेता?” आई म्हणाली.

“हिनंच तर शिकवलं.”

आरामशिनीत पोचलो तर तीन ओंडके काढून ठेवलेले. दोन हळदूचे, मऊ. तिसरा ऐनाचा, जाड, पिळदार धाग्याचा. कोणीतरी मुद्दाम ठेवला असेल किंवा सहज पुढचा म्हणून आला असेल. बाबांनी आधी तिन्हींवर रेघा मारल्या. गेरूत भिजवलेलं सूत एका टोकाला जंगलूकाकांनी धरलं, दुसऱ्याला बाबांनी डाव्या हातानं, मध्ये चिमटीत उचलून सोडलं की लाकडावर लाल सरळ रेघ. ऐनाच्या ओंडक्याभोवती ते दोनदा फिरले, वाकून पाहिलं, आणि मधोमध न मारता थोडी बाजूला रेघ मारली. शेठ खुर्चीवरून पाहत होते.

मग बाबांनी दुपट्टा काढला. खिळ्याकडे गेले नाहीत. माझ्याकडे आले आणि तो माझ्या हातात दिला. “तुह्याजवळ ठेव,” म्हणाले, आणि किंचित हसले. जंगलूकाका ओरडले, “मास्तरीणबाई, खोकून दाखवा आता!” सगळे हसले. मीही.

पहिला ओंडका सरळ निघाला. दुसराही. मशीनचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता आणि अडीच-तीन महिन्यांनी त्याच्या मागे बाबा होते. जंगलूकाकांच्या भुवया नाचत होत्या. मी दुपट्टा दोन्ही हातांत धरून भिंतीजवळ उभी होते आणि मनातल्या मनात वहीतल्या प्रसंगांचे क्रमांक मोजत होते. सात झाला. आठ झाला.

ऐनाचा ओंडका पट्ट्यावर चढला तसा आवाज खाली उतरला. लाकूड जड असलं की पट्टा असा कण्हतो. अर्ध्यापर्यंत गेलं. मग बाबांची उजवी मूठ उघडली. ती पुन्हा मिटली नाही. त्यांनी मनगटानं ढकलायला घेतलं, मनगट सरकलं तेव्हा कोपर लावलं, आणि मग खांदा. खांदा लावायचा म्हणजे डोकं खाली, चेहरा लाकडाला टेकलेला. मिस्त्री असं कधीच करत नाही. ओंडका किती पुढे गेला ते मिस्त्रीच्या डोळ्यांना दिसत राहिलं पाहिजे. बाबांना आता पट्टा दिसत नव्हता. डावा हात लाकडाच्या कडेवर होता आणि लाकडाबरोबर पट्ट्याकडे चालला होता.

जंगलूकाकांना पलीकडून बाबांचा फक्त खांदा दिसत असणार. शेठ उठून उभे राहिले होते. कोणी काही बोललं असेल तरी ऐकू येणं शक्य नव्हतं.

बाबांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुपट्टा वर उचललेला आहे हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं. त्यांनी मान हलवली. नको.

नववा प्रसंग. सहा रविवार मी तो पाहिला होता आणि सहाही वेळा मास्तरनं टॉवेल खाली घेतला होता आणि सहाही वेळा ते बरोबर निघालं होतं. मी त्याच्यावर शिट्टीसुद्धा मारायला शिकले होते.

मी दुपट्टा फेकला. पट्ट्याकडे नाही, पट्ट्याकडे फेकायचा नसतो. जंगलूकाकांच्या बाजूला, टेबलाच्या त्या टोकावर, जिथं त्यांना दिसेल. त्यांनी कपडा पाहिला, ओंडका सोडला आणि बटणावर हात मारला. मोटर बंद झाली तरी पट्टा लगेच थांबत नाही, काही वेळ फिरत राहतो, आवाज उतरत उतरत जातो. तो उतरेपर्यंत बाबा सरळ उभे राहिले होते.

“काहून फेकला?” त्यांनी विचारलं.

मी रिकामे हात पाठीमागे घेतले.

“माहा हात नव्हता सरकला.”

त्यांनी दुपट्टा उचलला, त्यावरचा भुसा झटकला, खांद्यावर टाकला आणि घरी निघून गेले. ऐनाचा ओंडका अर्धा कापलेला तसाच पट्ट्यात अडकून होता. जंगलूकाकांनी मला नळावर नेऊन पाणी पाजलं. “कपडा दिसला की बंद,” ते म्हणाले. “नियम आहे. तू काही केलं नाही, मी काही केलं नाही. नियमानं केलं.”

त्या दिवशी मी शाळेत गेले. बीजगणिताचा तास झाला.

घरी आठ दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पानावर बसल्यावर आईला म्हणायचे, “तिले म्हणा, पाणी दे.” मी पाणी द्यायची. ते प्यायचे. तिसऱ्या दिवशी आई भडकली. “पिक्चर तुमी दोघांनी पाहिला,” म्हणाली, “आन् भांडण माह्या सैपाकघरात. माहा काय संबंध?” लाल चेंडू खिडकीत पडून होता. वेळापत्रकाच्या चौकटी रिकाम्या राहिल्या. मी त्या आठ दिवसांत ती वही अनेकदा उघडली आणि नऊ क्रमांकाची ओळ वाचली. तिथं मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: मास्तर टॉवेल फेकत नाही.

नवव्या दिवशी शेठनी बोलावणं पाठवलं. बाबा गेटच्या खुर्चीची तयारी करूनच गेले, म्हणजे दाढी न करता. शेठनी त्यांना ऐनाच्या ओंडक्यापाशी नेलं. नव्या मिस्त्रीनं तो त्याच रेघेवर पुढे कापला होता. शेठ म्हणाले, “हे देखो. तुम्ही रेघ बाजूला मारली तर आतली पोकळी आपोआप बाहेर राहिली. एक फळी वाया नाही गेली. होळीपासून हा पोट्टा मधोमध कापून माझं अर्धं लाकूड जाळायला घालून राहिला. गेट सोडा. रेघा तुम्ही मारा. ढकलेल दुसरा.”

जंगलूकाकांनी हे सगळं आमच्या ओट्यावर सविस्तर सांगितलं. बाबा मान हलवत होते. ते काम त्यांनी घेतलं आणि पुढे एकवीस वर्षं केलं, शेवटी शेवटी तर दुसऱ्या आरामशीनवालेही त्यांना बोलावून नेत. पण हे सगळं चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही. सूत मारताना ते नेहमी मशीनकडे पाठ करून उभे राहायचे. बरीच वर्षं. मी डबा घेऊन गेले की मला ती पाठ आधी दिसायची.

माझ्याशी ते बोलायला लागले, पण त्या दिवसाबद्दल नाही. हात खरंच सरकला नव्हता का, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. मला काय दिसलं ते मला माहीत आहे. त्यांना काय वाटलं ते त्यांना माहीत होतं.

थंडीत तो पिक्चर परत लागला. त्याच थिएटरात, आणखी जास्त रेघा घेऊन. पोस्टर मी शाळेतून येताना पाहिलं आणि घरी सांगितलं नाही. रविवारी सकाळी बाबा अंघोळ करून आले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि भिंतीकडे पाहून म्हणाले, “ठोशांचा लागला म्हणते जंगलू.” मग आईकडे वळून, “तूही चाल.”

आई पहिल्यांदाच इंग्रजी पिक्चरला आली. येताना तिनं संत्री घेतली होती, ती अंधारात सोलून आम्हा दोघांच्या हातात फोडी देत होती. पंधरा मिनिटांत ती म्हणाली, “हा जिंकते.”

“तुले कसं समजलं?” बाबा म्हणाले.

“एवढ्या चांगल्या माणसाले हरवून लोकं घरी कसे जातील?”

पिंपं कोसळली. प्लास्टर झालं. वाळूत पळून झालं. मी खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी क्रमांक मोजत होते आणि आठ झाल्यावर मोजणं थांबवलं. शेवटच्या लढाईत हिरो गुडघ्यावर आला. मास्तरनं टॉवेल उचलला. हिरोनं मान हलवली. म्हाताऱ्यानं टॉवेल खांद्यावर परत टाकला आणि थिएटरभर शिट्ट्या झाल्या. मी समोर पाहत राहिले.

शिट्ट्या ओसरल्यावर बाबा खाकरले. म्हणाले, “म्हातारा चुकला.”

आई म्हणाली, “काहून?”

“फेकायले पाहिजे होता त्यानं.”

“अन् फेकला असता तर? पिक्चर तर इथीच संपला असता.”

“संपू दे न,” बाबा म्हणाले. “पोरगा घरी गेला असता जेवायले.”

आईनं संत्र्याची एक फोड त्यांच्या हातात ठेवली, एक माझ्या. तोवर पडद्यावर हिरो उठला होता. त्यानं तोच उजवा हात उचलला, मोठा बॉक्सर आडवा झाला, बाजा वाजला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. बाबांनीही वाजवल्या. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून डाव्यानं त्यावर मारत होते, दिवे लागेपर्यंत.